सरपणाच्या धंद्यासाठी टिलर-ट्रॉलीची तयारी

कापडाचा व्यापारी लाकडाविषयी का लिहितो, असा प्रश्न या पानाच्या वाचकांना पडेल. त्याचे उत्तर सोपे आहे. यंत्रमागावर चढणारे ताण्याचे सूत आधी सायझिंगला जाते. तेथे सुताला खळ लावतात आणि वाफेने तापलेल्या सिलिंडरवरून ते सुकवतात. ती वाफ देणाऱ्या बॉयलरखाली अनेक ठिकाणी आजही लाकूड जळते. ओले लाकूड आले की वाफेचा दाब उतरतो, सूत नीट सुकत नाही, मागावर धागे तुटतात आणि शेवटी डागी माल आमच्यासारख्यांच्या दुकानात येतो. त्यामुळे लाकूड कोठून येते, कोण तोडते, कसे वाहते याची चौकशी करणे हा आमच्या व्यापाराचाच भाग आहे.

रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली, खेड या भागांत आपल्या अनेक मंडळींच्या आंबा-काजूच्या बागा आहेत. परदेशातील नोकरी संपवून परतलेले काही तरुण आता गावातच सरपणाचा धंदा करू पाहतात. धंदा चांगला आहे, पण बहुतेकजण आधी यंत्र घेतात आणि हिशेब नंतर मांडतात. कापडाच्या धंद्यात नफा विकताना मिळत नाही, खरेदी करताना मिळतो, असे जुने व्यापारी म्हणत. वाहनाच्या बाबतीतही हेच खरे आहे. म्हणून या लेखात चार गोष्टींचा विचार आम्ही करीत आहोत: वाहन कोणते घ्यावे, ते लाकडासाठी कसे तयार करावे, त्यावर किती वजन घालावे आणि दिवसाचा खर्च कसा मांडावा.

वाहन कोणते?

अमेरिका आणि कॅनडात घरमालक आपल्या जंगलातून लाकूड काढण्यासाठी एटीव्ही नावाची छोटी, जाड टायरांची गाडी वापरतात. मोटारसायकलसारखे तिच्यावर बसायचे आणि मागे लहान ट्रॉली जोडायची. १९७० साली होंडा कंपनीने तीन चाकांची अशी गाडी बाजारात आणली. ती खूप खपली, पण वळणावर आणि उतारावर उलटून इतके अपघात झाले की १९८८ साली अमेरिकेत सरकार आणि कंपन्यांमध्ये समझोता होऊन नव्या तीनचाकी एटीव्हीची विक्री थांबली. त्यानंतर चार चाकांच्या गाड्याच राहिल्या. यातून घेण्यासारखा धडा असा की रानात चालणाऱ्या वाहनाची परीक्षा इंजिनाच्या ताकदीत होत नाही. ते उतारावर उभे कसे राहते, यात होते.

आपल्याकडे एटीव्ही मुख्यतः रिसॉर्टवर आणि समुद्रकिनाऱ्यावर हौसेसाठी फिरताना दिसते. कोकणातील पाणंदी, कातळ आणि बागांचे गडगे यांना शोभणारे वाहन पॉवर टिलर हे आहे. दोन चाके, पुढे एक सिलिंडरचे डिझेल इंजिन, मागे धरायच्या दोन मुठी. १२ ते १५ हॉर्सपॉवरचे टिलर सर्वत्र मिळतात. भातशेतीत चिखलणी झाली की फिरते फाळ काढून त्याच जागी ट्रॉली जोडता येते. मिनी ट्रॅक्टर जास्त स्थिर असतो आणि चालवायला सोपा असतो, पण त्याची किंमत जास्त आहे आणि अरुंद वाटेवर त्याला वळायला जागा लागते. ज्याच्या बागेत रुंद वाट आहे आणि वर्षभर काम आहे, त्याने मिनी ट्रॅक्टरचा विचार जरूर करावा. ज्याचे शेत लहान, वाट अरुंद आणि हंगाम पाच-सहा महिन्यांचा, त्याला टिलर पुरे.

शेतकऱ्याच्या नावावर जमीन असेल तर कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेखाली महाडीबीटी पोर्टलवर अनुदानासाठी अर्ज करता येतो. अर्ज मंजूर होण्यापूर्वी यंत्र खरेदी करू नये, नाही तर अनुदान हातचे जाते.

ट्रॉलीची तयारी

शेतमालासाठी बनवलेली ट्रॉली लाकडाला जशीच्या तशी चालत नाही. भाताची पोती चपटी बसतात. लाकडाचा ओंडका मात्र घरंगळतो, टोचतो आणि एका बाजूला सरकतो. गावच्या वेल्डिंगवाल्याकडून पुढील कामे करून घ्यावीत.

पहिले, ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना अँगलचे उभे खुंट बसवावेत. ते काढता-घालता आले पाहिजेत, म्हणजे बाजूने लाकूड भरणे आणि उतरवणे सोपे जाते. खुंटांची उंची फळीच्या पातळीपासून दीड फुटापेक्षा जास्त ठेवू नये. खुंट उंच केले की मजूर त्यांच्या टोकापर्यंत भरतो, हा मनुष्यस्वभाव आहे. त्याचे कारण वजनाच्या हिशेबात येईल.

दुसरे, चालकाची जागा आणि माल यांच्यामध्ये मजबूत जाळी किंवा पत्र्याची भिंत असावी. टिलर अचानक थांबला तर ओंडका पुढे येतो आणि चालकाच्या पाठीत बसतो. या एका भिंतीवर चालकाचा कणा अवलंबून आहे. तिच्यावर पैसे वाचवू नयेत.

तिसरे, ट्रॉलीचा ब्रेक. टिलरच्या ट्रॉलीला पायाने दाबायचा ब्रेक असतो आणि तो ट्रॉलीच्या चाकांना लागतो. हंगाम सुरू होण्यापूर्वी त्याचे लायनर उघडून पाहावेत, रॉडची लांबी सारखी करावी आणि दोन्ही चाके एकाच वेळी धरतात की नाही ते रिकाम्या ट्रॉलीवर तपासावे. एकच चाक धरत असेल तर ट्रॉली आडवी फिरते.

चौथे, जोडणीची पिन. मूळ जाडीचीच पिन वापरावी आणि तिला खालून क्लिप असावी. पिनेऐवजी सळईचा तुकडा घालणे ही गावोगावची सवय आहे. ती सळई तुटली की भरलेली ट्रॉली मोकळी सुटते. पिनेखेरीज एक साखळीही दोन्ही बाजूंना अडकवून ठेवावी.

पाचवे, सामानाची पेटी. करवतीसाठी एक खण आणि पेट्रोलच्या डब्यासाठी दुसरा खण असावा. डबा घट्ट झाकणाचा असावा आणि सायलेन्सरपासून दूर असावा. पेटीत कुऱ्हाड, कोयता, पहार, दोन-तीन पाचरी, गोल कानस, जखमेवर बांधायचे स्वच्छ कापड आणि प्रथमोपचाराचे सामान ठेवावे. ट्रॉलीच्या चाकाला लावायचे दोन लाकडी ठोकळे दोरीने बांधून कायम लटकत ठेवावेत. वेगळे ठेवलेले ठोकळे गरजेच्या वेळी सापडत नाहीत.

सहावे, मागे लाल रिफ्लेक्टर आणि दिवा. संध्याकाळी डांबरी रस्त्यावर येणाऱ्या मोटारीला लाकडाने भरलेली ट्रॉली शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

वजनाचे गणित

हा भाग सावकाश वाचावा. बहुतेक नुकसान येथेच होते.

आपण ६ फूट लांब, ४ फूट रुंद आणि दीड फूट उंच भरलेली ट्रॉली घेऊ. त्याचे माप ३६ घनफूट, म्हणजे साधारण १ घनमीटर झाले. रचलेल्या लाकडात फटी असतात. एक घनमीटर रचाईत प्रत्यक्ष लाकूड साधारण ०.६५ घनमीटर धरावे. ताजे तोडलेले कठीण लाकूड पाण्याइतकेच जड असते, म्हणजे एका घनमीटरला सुमारे १,००० किलो. म्हणून दीड फूट भरलेल्या ट्रॉलीत सुमारे ६५० किलो ओले लाकूड बसते. सुरूसारखे जड लाकूड असेल तर याहूनही जास्त.

आता कोणी तीन फूट उंच भरले तर ते १,३०० किलो झाले. त्यात ट्रॉलीचे स्वतःचे ३०० ते ४०० किलो आणि चालक मिळवला की ओढायचे वजन पावणेदोन टनांच्या आसपास जाते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत पॉवर टिलरची व्याख्या करताना ट्रॉलीसह ओढण्याची क्षमता जास्तीत जास्त १.५ टन आणि वेग ताशी २२ किलोमीटरपर्यंत मानला आहे. म्हणजे तीन फूट भरलेली ओली ट्रॉली नियमाबाहेर जाते आणि ब्रेकच्या आवाक्याबाहेरही जाते. खुंट दीड फुटाचे ठेवायला सांगितले ते याचसाठी.

मजूर म्हणेल की इंजिन तर ओढते. इंजिन नक्की ओढते. सपाटीवर आणि चढावर इंजिनाची परीक्षा होते, पण उतारावर परीक्षा ब्रेकची आणि टायरांच्या पकडीची असते. सहा फूट पुढे गेल्यावर एक फूट खाली उतरणारी वाट घ्या. कोकणात अशा वाटा कितीतरी आहेत. १.५ टनांचे ओझे तेथे सुमारे २५० किलोच्या जोराने खाली ढकलत असते. तेच एकूण वजन १ टन असेल तर हा जोर १६० किलोंवर येतो. तेवढाच माल दोन खेपांत नेला तर डिझेल थोडे जास्त जाते, पण टिलर आणि चालक दोघेही घरी परततात.

भरतानाही पद्धत असावी. जाड ओंडके खाली, बारीक फाटे वर. वजन ट्रॉलीच्या आसापेक्षा थोडे पुढे असावे, म्हणजे जोडणीवर एकूण वजनाचा साधारण दहावा भाग येतो. वजन आसाच्या मागे गेले की ट्रॉली जोडणी वर उचलू पाहते आणि टिलरची चाके जमिनीवर पकड घेत नाहीत. माल दोन ठिकाणी पट्ट्याने किंवा जाड दोरीने आवळावा. मालावर कोणीही बसू नये. गड्याने मागून पायी यावे.

लांब ओंडका ट्रॉलीत न घालता साखळीने ओढत न्यायचा असेल तर साखळी जोडणीच्या ठिकाणी, शक्य तितकी खाली बांधावी. मुठींना किंवा वरच्या सांगाड्याला बांधली तर टिलर पुढून उचलला जातो. खोल घळीतून ओंडका काढायला हाताने चालवायची चेन-पुली वापरणे सर्वात सुरक्षित. ताणलेल्या साखळीच्या किंवा दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये.

उतारावरचे उलटे वळण

टिलर नव्याने घेणाऱ्याला विक्रेता जे हमखास सांगत नाही, ते येथे सांगणे आमचे कर्तव्य समजतो.

टिलरला स्टिअरिंग चाक नसते. दोन्ही मुठींजवळ एक-एक लीव्हर असतो. डावा लीव्हर दाबला की डाव्या चाकाची इंजिनापासूनची जोडणी सुटते, ते चाक मागे पडते, उजवे चाक पुढे जाते आणि टिलर डावीकडे वळतो. सपाटीवर आणि चढावर हे बरोबर आहे.

तीव्र उतारावर मागून ट्रॉली ढकलत असते. त्या वेळी इंजिन चाकांना ओढत नसते, उलट चाकांना रोखून धरत असते. आता डावा लीव्हर दाबला तर डाव्या चाकावरचा तो रोध सुटतो, ते चाक मोकळे होऊन जोरात धावते आणि टिलर उजवीकडे वळतो. चालकाला डावीकडे जायचे असते आणि यंत्र उजवीकडच्या दरीकडे जाते. घाबरून तो लीव्हर आणखी घट्ट दाबतो, आणि यंत्र आणखी उजवीकडे जाते.

यावर उपाय आहेत. उताराच्या माथ्यावर थांबावे. सर्वात खालचा गिअर तेथेच टाकावा. उतरताना मुख्य क्लच सोडू नये आणि गिअर बदलू नये. वळण घ्यायचे असेल तर लीव्हरला हात न लावता मुठी हाताने ढकलून वळवाव्यात. लीव्हर वापरावाच लागला तर उलट्या बाजूचा वापरावा लागतो, हे लक्षात ठेवून रिकाम्या ट्रॉलीने, सौम्य उतारावर, दिवसाउजेडी सराव करावा. नव्या चालकाच्या हाती भरलेली ट्रॉली देण्यापूर्वी मालकाने स्वतः हा सराव करून घ्यावा. पगार देणाऱ्यावर ही जबाबदारी आहे.

करवत आणि माणूस

लाकूडतोडीसाठी पेट्रोलवर चालणारी चेन सॉ, जिला गावात कटर म्हणतात, ती आता सर्वत्र आहे. बागेतील फांद्या आणि मध्यम ओंडक्यांसाठी ४५ ते ५५ सीसीचे इंजिन आणि १६ ते १८ इंचांची पाती पुरते. मोठी करवत हाताला जड पडते, दुपारनंतर माणूस थकतो, आणि अपघात थकलेल्या हाताकडूनच होतात.

इंधनात पेट्रोलबरोबर टू-स्ट्रोक तेल मिसळायचे असते. पुस्तिकेत ५० ला १ लिहिले असेल तर एका लिटरला २० मिली, २५ ला १ लिहिले असेल तर ४० मिली. अंदाजाने ओतू नये. तेल कमी पडले तर पिस्टन धरतो आणि दुरुस्तीचा खर्च नव्या करवतीच्या जवळ जातो. साखळीचे तेल वेगळे असते, ते प्रत्येक टाकीबरोबर भरावे. पेट्रोल भरताना इंजिन बंद, विडी-सिगारेट दूर, आणि भरले त्या जागेपासून दहा फूट बाजूला जाऊन करवत सुरू करावी.

धार हीच खरी बचत आहे. धारदार साखळी लाकडाचे तुकडेदार भुसे काढते. बारीक पूड पडू लागली की धार गेली असे समजावे. ०.३२५ इंच पिचच्या साखळीला ४.८ मिमीची, तर मोठ्या ३/८ इंच पिचच्या साखळीला ५.२ मिमीची गोल कानस लागते. प्रत्येक दाताला सारखेच हात मारावेत, नाही तर करवत एका बाजूला वळत कापते. ज्या कारागिराला कात्रीची धार कळते, त्याला हे शिकवायला दोन दिवस पुरतात.

पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर करवत क्षणात मागे, चालकाच्या तोंडाकडे उसळते. म्हणून टोकाने कापू नये. डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून वळसा घालून पक्का धरलेला असावा, करवत खांद्याच्या वर नेऊ नये आणि चेन ब्रेक रोज सकाळी तपासावा. जाळीचे हेल्मेट, कानाचे झाकण, बूट आणि पायांवर बांधायचे संरक्षक कापड या चार वस्तू करवतीच्या किमतीतच धराव्यात.

पडलेल्या झाडाचे काम उभ्या झाडापेक्षा फसवे असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा हे काम घराघरांत करावे लागले. त्यासाठी नियम साधा आहे. ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला असेल तर वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. आधी वरून तिसऱ्या भागापर्यंत कापावे, मग खालून. एकच टोक टेकलेले असेल तर उलट करावे, आधी खालून थोडे, मग वरून. आधी ताणलेली बाजू कापली तर लाकूड फाटते आणि उसळते, आणि आधी दाबलेल्या बाजूने खोल कापत गेले तर करवत अडकते. मुळासकट उपटलेले झाड खोडातून तोडले की मुळांचा गड्डा परत खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्याच्या बाजूला मुलांना उभे राहू देऊ नये.

उभे मोठे झाड पाडणे हे जाणकाराचे काम आहे. तेथे मजुरी जास्त गेली तरी अनुभवी माणूसच लावावा.

कागदपत्रे

स्वतःच्या बागेतील झाडही नेहमी स्वतःच्या मर्जीने तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, खैर, हिरडा, चंदन यांसारखी झाडे आहेत आणि ती तोडण्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. कांदळवनाला हात लावू नये. लाकूड वाहून नेण्यासाठी भारतीय वन अधिनियम, १९२७ खालील नियमांप्रमाणे वाहतूक परवान्याचा प्रश्न येतो. काही जातींना सूट असते, काहींना नसते. म्हणून ऑस्ट्रेलियन बाभूळ, सुरू, छाटलेल्या फांद्या असा माल असला तरी हंगामापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्यावे. तोंडी "चालेल" नाक्यावर चालत नाही.

वाहनाचेही तसेच. शेतीसाठी नोंदलेल्या टिलर-ट्रॉलीवर भाड्याने दुसऱ्याचा माल वाहायचा असेल तर आधी आरटीओकडे विचारावे आणि विमा त्या वापराला लागू आहे का ते पाहावे. अपघातानंतर विमा नाकारला गेला तर कुटुंबाची वर्षांची कमाई जाते. बागमालकाशी सौदा करतानाही झाडांची संख्या, जात, जागा आणि रक्कम कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. शेजाऱ्याच्या हद्दीतील एक फांदी दोन घराण्यांची बोलाचाल बंद करते.

सुकवणे

ताज्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते. असे एक किलो लाकूड जाळले तर सुमारे १,९०० किलोकॅलरी उष्णता हाती लागते. तेच २० टक्के ओलाव्यापर्यंत सुकवले तर किलोमागे सुमारे ३,४०० मिळते. बॉयलरवाला वजनाचे पैसे देतो, पण त्याला हवी असते उष्णता. ओले लाकूड सुक्याच्या भावाने घालणे म्हणजे मीटरला दहा सेंटिमीटर कमी कापड मोजण्यासारखे आहे. गिऱ्हाईक एकदा फसते, आणि मग आपल्याच गल्लीतून जाणे बंद करते.

कोकणात सुकवणीचा काळ नोव्हेंबर ते मे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तोडावे, हव्या त्या लांबीचे तुकडे जागेवरच करावेत, मनगटापेक्षा जाड असेल ते फोडावे. साल लाकडाचे पाणी अडवते, फोडलेले लाकूड लवकर सुकते. जमिनीपासून वीतभर उंच ओंडक्यांवर रचावे, कापलेली टोके वाऱ्याकडे ठेवावीत, वरून पत्रा किंवा ताडपत्री घालावी आणि बाजू मोकळ्या सोडाव्यात. सगळीकडून ताडपत्री गुंडाळली की आत बुरशी धरते. दोन सुकी लाकडे एकमेकांवर आपटली तर खणखणीत आवाज येतो, ओल्यांचा आवाज बद्द येतो. शिवाय टोकांना उभ्या चिरा पडलेल्या असतात.

हिशेब

आता उदाहरणादाखल हिशेब मांडू. आकडे आम्ही मानलेले आहेत, वाचकांनी आपल्या गावचे भाव घालावेत.

टिलर आणि ट्रॉली २,५०,००० रुपये, ट्रॉलीची तयारी २५,०००, करवत ३०,०००, संरक्षक साहित्य १५,०००. एकूण ३,२०,०००. आठ वर्षांनी ४०,००० ला विकले जाईल असे धरा. उरले २,८०,०००, म्हणजे वर्षाला ३५,०००. हंगामात १४० दिवस काम झाले तर यंत्राची झीज रोज २५० रुपये. हा खर्च खिशातून जाताना दिसत नाही, म्हणून बहुतेक वह्यांत तो नसतो. आठव्या वर्षी मात्र एकदम दिसतो.

रोजचा खर्च असा: झीज २५०, डिझेल ६ लिटर ९५ च्या भावाने ५७०, करवतीचे पेट्रोल ३ लिटर १०५ ने ३१५, दोन्ही तेले १५०, दोन मजूर ७०० प्रमाणे १,४००, दुरुस्ती २००. बेरीज २,८८५ रुपये.

६५० किलोच्या तीन खेपा झाल्या तर दिवसाला सुमारे २ टन ओले लाकूड निघते. २,८८५ ला २,००० ने भागले की किलोला १ रुपया ४४ पैसे येतात, आणि तरुण व्यापारी त्यावर भाव ठरवतो. पण विकायचे आहे सुके. १०० किलो ओल्या लाकडात ५० किलो पाणी आणि ५० किलो लाकूड. २० टक्के ओलाव्याला सुकल्यावर त्याचे साडेबासष्ट किलो उरते. म्हणजे २ टनांचे १,२५० किलो झाले, आणि खरा खर्च किलोला २ रुपये ३१ पैसे. ज्याने १ रुपया ४४ पैसे धरून दोन रुपयांना सौदा केला, तो प्रत्येक किलोला ३१ पैसे घालवतो आणि जितके जास्त विकतो तितके जास्त घालवतो. यात बागमालकाला दिलेली रक्कम, मालकाची स्वतःची मेहनत, गिऱ्हाइकापर्यंतचे भाडे आणि सहा महिने अडकलेले भांडवल अजून धरलेले नाही.

भागीदारीत धंदा करायचा असेल, एकाचा टिलर आणि दुसऱ्याची मेहनत, तर झीज आणि दुरुस्ती आधी वजा करून उरलेला नफा वाटावा. आधी वाटणी आणि मग दुरुस्ती, या क्रमाने चाललेली भागीदारी पहिल्या मोडलेल्या गिअरबॉक्सवर तुटते.

गिऱ्हाईक कोण?

शेवटी बाजाराची दिशा पाहावी. मुंबईतील बेकऱ्या हे लाकडाचे मोठे गिऱ्हाईक होते आणि त्यांत आपल्या समाजातील मालक पुष्कळ. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळवाव्यात असे फर्मावले आणि महापालिकेने त्यानुसार नोटिसा काढल्या. शहरातील हवेचा प्रश्न खरा आहे, म्हणून ही दिशा मागे फिरेल या आशेवर कोणी कर्ज काढून टिलर घेऊ नये. सायझिंग आणि प्रोसेस हाऊसवरही धुराचे नियम कडक होत आहेत. तेथे लाकूड खपायचे तर ते सुकेच लागेल, कारण ओल्या लाकडाचा धूर जास्त.

म्हणून नव्या व्यापाऱ्याने एकाच गिऱ्हाइकावर उभे राहू नये. गावची हॉटेले, लग्नसमारंभाचे आचारी, वीटभट्ट्या आणि कारखान्यांचे बॉयलर यांच्याकडे स्वतः जाऊन लांबी, जाडी, ओलावा आणि महिन्याची गरज विचारावी आणि ती वहीत लिहावी. पावसाळ्याचे चार महिने टिलर भातशेतीत भाड्याने चालवावा, म्हणजे झिजेचा भार एकट्या लाकडावर पडत नाही. आणि लाकूड बंद झाले तरी ट्रॉली चिरे, शेणखत, आंब्याच्या पेट्या वाहू शकते. जे वाहन तीन कामे करते, त्याची खरेदी एका बाजाराच्या मंदीने बुडत नाही.

या क्रमाने जावे: आधी गिऱ्हाईक, मग परवाना, मग हिशेब, आणि सर्वात शेवटी यंत्र. ज्यांनी यंत्र आधीच घेतले आहे, त्यांनी येत्या रविवारी ट्रॉलीचा ब्रेक उघडून पाहावा आणि जोडणीची पिन मोजावी.